अझ्यूमचं वाक्य

"मॅडम, 'अझ्यूम'चं मराठी पोरांले नेमकं काय सांगावं?"

श्वेता भोयरने विचारलं आणि अरुंधतीबाई खूश झाल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्यातली इंग्रजीची बाई काही निवृत्त झाली नव्हती. त्यांचे यजमान शरच्चंद्र गुडघ्याच्या व्यायामाला वरच्या मजल्यावर गेले, की धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्या भेटेल त्याची चौकशी करायच्या. आज खापा गावातली ही शिक्षिका भेटली होती. मांडीवर आठवीच्या वह्यांचा गठ्ठा.

"गृहीत धरणं," बाई म्हणाल्या. "पुरावा नसताना एखादी गोष्ट खरीच आहे असं मानून चालणं."

"एकानं लिहिलं, माय फादर अझ्यूम्स दॅट आय ॲम स्टडीइंग."

"पैकीच्या पैकी द्या त्याला."

दोघी हसल्या. मग बाईंनी विचारलं, "इथे कशासाठी?"

"किडनीचं ट्रान्सप्लान्ट आहे. आज परवानगीच्या कमिटीसमोर जा लागते." श्वेताचं हसू मावळलं.

पलीकडच्या बाकावर तिचा नवरा साहिल डोळे मिटून आडवा झाला होता. चेहरा ओढलेला, हातावर कापसाचा बोळा चिकटवलेला. अरुंधतीबाईंना पुढचं विचारावं लागलं नाही.

इतक्यात सासू आली. प्रेमिलाबाई. उंच, रापलेली, पदर खोचलेला. तिने श्वेतापुढे पोळीभाजीचा डबा ठेवला.

"असं तोंड पाडून काहून बसली वं?"

"आई, मले अजूनबी पटून नाही राहिलं."

"तुले पटाचं काय हाय त्यात? घरात ठरलं ना? मंग ठरलं."

"पण उद्या काही झालं तं?"

"काई होत नाही. एका किडनीवर माणूस मस्त जगते. तुह्यासमोरच सांगतलं ना डॉक्टरनं? आता थांबाले टाइमबी नाही. कमिटीनं विचारलं तं रडत बसू नको. सरळ हो म्हन."

श्वेताने मान खाली घातली. अरुंधतीबाईंचं लक्ष तिच्या कुर्त्याकडे गेलं. नागपूरचा एप्रिल महिना, पंख्याखालीही जीव नकोसा झालेला, आणि पोरीच्या बाह्या मनगटापर्यंत. डावी बाही जरा वर सरकली तशी तिने ती घाईने खाली ओढली.

काय लपवतेय ही? कुणी हात उगारला असेल का?

बाईंच्या धाकट्या बहिणीने नवऱ्याला किडनी दिली, तेव्हा तिलाही कुणी विचारलं नव्हतं. बायकोच देणार, यात विचारायचं काय? ती आयुष्यभर आजारी राहिली. आणि आपण, सख्खी मोठी बहीण, गप्प बसलो. ही गोष्ट त्यांना अजून झोपू देत नव्हती.

समोरच्या भिंतीवर एक पेटी होती. वर लिहिलं होतं, अवयव देणाऱ्यावर दबाव असल्यास कळवा, नाव गुप्त राहील.

सासू हात धुवायला गेली. बाईंनी हळूच विचारलं, "तुझ्या मनात नसेल तर नाही म्हणता येतं, बेटा."

"कसं म्हनू, मॅडम? दोन पोरं आहेत घरी." तिचे डोळे भरून आले.

एवढं पुरे होतं. अरुंधतीबाईंनी पर्समधून कागद काढला. वळणदार अक्षरात लिहिलं, 'खाप्याच्या भोयर कुटुंबात किडनी देणाऱ्या बाईवर घरच्यांचा दबाव आहे. कृपया परवानगी देऊ नये.' पेटी कधी उघडतील याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी चिठ्ठी कमिटीच्या दारातल्या शिपायाच्या हातात दिली. परत येऊन बसल्या तेव्हा बरं वाटत होतं. या वेळी त्या गप्प बसल्या नव्हत्या.

भोयरांना आत बोलावलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बाईंनी घड्याळ तीनदा पाहिलं.

दार उघडलं. हॉस्पिटलच्या समाजसेविका मेघा त्या तिघांसोबत बाहेर आल्या. "तक्रार आली की चौकशी करावीच लागते," त्या साहिलला सांगत होत्या. "पुढची बैठक महिनाभराने आहे."

"महिनाभर कसं निघन, मॅडम?" साहिल म्हणाला.

श्वेता येऊन बाकावर बसली. वह्या खाली पडल्या, तिने उचलल्या नाहीत. सुटली बिचारी, असं मनाशी म्हणत अरुंधतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

प्रेमिलाबाई समोर येऊन उभी राहिली.

"तुमी तं शिकल्यासवरल्या हा, बाई. तुमीच सांगा. डायलिसिसच्या सुयांनी हिच्या हाताची चाळनी झाली, हिच्यासाठी रगत देऊन पोरगा आडवा पडला. माह्यी किडनी मी माह्या सुनेले देऊन राहिली, तं माह्यावर कोन दबाव टाकन?"