सरांची गाडी तापते

बॉनेट उघडलं, तर वाफेचा पत्ता नाही. जावयाने रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला हात लावला. पाइप गरम होता, पण मुठीत धरून ठेवता येत होता. उकळलेलं इंजिन असं धरू देत नाही, चटका देऊन हात झटकायला लावतं. आणि आत डॅशबोर्डवर मात्र तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात जाऊन बसला होता.

"बघितलंत, मिस्तरी?" सासरे पुलाजवळ रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. "गाडी पुढे जायची नाही, म्हणून सांगत होतो."

त्याला जावई म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि पोरीने लग्न केलं गॅरेजवाल्याशी. दोन वर्षं झाली तरी तो घास काही घशाखाली उतरत नव्हता. तोही मग त्यांना बाबा न म्हणता सरच म्हणायचा. लोक जावयाला दहावा ग्रह म्हणतात, इथे सासराच वक्री होऊन बसला होता.

मागच्या सीटवर सासूबाई मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. लेकीला सातवा महिना. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायला बंदी केलेली, आणि ती रोज एकच विचारायची, आई कधी येणार. बसच्या पायऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. सरांची पन्नास वर्षांची जुनी गाडी दर खेपेला याच पुलाशी तापायची आणि सर ती माघारी वळवायचे. "माझी कुठे ना आहे? गाडीच जात नाही," असं म्हणायलाही मोकळे. ही चौथी खेप होती. आज जावई मुद्दाम स्कूटर घेऊन मागोमाग आला होता.

त्याने पंखा पाहिला, पट्टा दाबून पाहिला, पाणी पाहिलं. सगळं ठणठणीत. मग इंजिनावरून काट्याकडे जाणारी वायर त्याने उपटली. आता काटा खाली यायलाच हवा.

"आई, काटा पडला का?"

सासूबाईंनी पुढे वाकून पाहिलं. "नाही हो. वरच आहे."

म्हणजे इंजिनाला काही झालंच नव्हतं. गेल्या दोन खेपांनंतर त्याने रेडिएटर धुऊन दिला होता, थर्मोस्टॅट नवा घातला होता. सगळं रोग रेड्याला नि औषध पखालीला. तो दार उघडून पाठीवर आडवा झाला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

"तिथे काही नाही," सर घाईने म्हणाले. "बाहेर या. सीट खराब होईल."

तिथे, स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला, एक स्विच होता. टेबललॅम्पच्या वायरवर असतो तसला, छोटासा. त्याची एक वायर काट्याकडे गेली होती, दुसरी गाडीच्या पत्र्याला जोडलेली. दाबला की काटा लाल पट्ट्यात. सोल्डरिंग इतकं सफाईदार, की त्याच्या गॅरेजात कुणाला जमलं नसतं. आधी त्याला कौतुकच वाटलं. मग अंगाचा तिळपापड झाला.

त्याच्या तोंडावर शिवी आली होती. पण मागच्या सीटवर सासूबाई होत्या, आणि संध्याकाळी त्यांना याच माणसाबरोबर घरी जायचं होतं. त्याने गुपचूप स्विच बंद केला.

"पडला हो, पडला काटा!" सासूबाई म्हणाल्या.

किल्ली बंद करून तो बाहेर आला, उपटलेली वायर जागेवर बसवली, बॉनेट लावलं.

"सर, गाडी झाली. चला."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. याला सापडलं आहे, हे त्यांना कळलं, आणि याने ते बोलून दाखवलं नाही, हे त्यांना जास्त झोंबलं.

"परत तापेल."

"नाही तापणार."

"लोखंड घासून पोट भरणाऱ्याने मला उष्णता शिकवू नये!" सरांचा आवाज चिरकला. "दोन पाने फिरवता आले म्हणजे अक्कल येत नाही, मिस्तरी. मी म्हणतो ना, तापेल!"

ते तणतणत गाडीत बसले. दार आपटलं. किल्ली अर्धी फिरवली आणि एक हात स्टेअरिंगखाली घातला. काटा टुणकन लाल पट्ट्यात गेला.

"हे घ्या! तापली!"



"अहो," मागून सासूबाई म्हणाल्या, "इंजिन तर अजून सुरूच केलं नाहीत."

सरांचा हात स्टेअरिंगखालीच राहिला. सासूबाई त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टेकवला, कण्हत दुसरा टेकवला. जावई धावला, तर त्यांनी त्याच्या हातात पिशवी दिली.

"तुमच्या स्कूटरला मागे धरायला काही आहे का?"

"आहे, आई. पण खड्डे आहेत. गुडघे दुखतील."

"घरी बसूनही दुखतातच."

त्या लंगडत स्कूटरकडे निघाल्या. सर गाडीतून अर्धे बाहेर आले.

"या वयात त्या फटफटीवर बसणार तू? त्याच्या मागे? लोक बघतील, काय सांगू मी त्यांना?"

सासूबाई कशाबशा सीटवर चढल्या. जावयाचा खांदा त्यांनी घट्ट धरला आणि वळून न बघताच म्हणाल्या,

"सांगा, गाडी तापली."