पाक दार्सोनोंचा न गेलेला आवाज

पाक दार्सोनोंचा आवाज रविवारी सकाळी परत आला. पण तो मुळात गेलाच नव्हता, असं पाक दार्सोनो आजही छातीवर हात ठेवून सांगतात. तेव्हा आपणही तसंच धरू.

तर गुरुवारी, आवाज जागच्या जागी असताना, पाक दार्सोनो ओसरीत नातीच्या पाटीवर लिहून बोलत होते. (आमच्या जावा बेटावर थोरल्या पुरुषाला 'पाक' म्हणतात, म्हणजे 'राव'.) लग्नात निवेदन करणं हा त्यांचा धंदा. नवरी बारा पावलं टाकेपर्यंत तिला सव्वीस विशेषणं लावायची, तीही जुन्या भारदस्त भाषेत. रविवारी पाक हार्जितोंच्या मुलीचं लग्न होतं, आणि सर्दीने बसलेल्या गळ्यातून सायकलच्या पंपासारखी नुसती हवा येत होती.

औषधाच्या दुकानातल्या पोरीने विचारलं होतं, "ताप? गिळताना दुखतं?" दोन्ही नव्हतं. "मग हा सर्दीचा घसा. अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, आणि चिठ्ठीशिवाय मी देणारही नाही." म्हणून पाक दार्सोनोंनी कपाटातून गेल्या वर्षी दातासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार कॅप्सूल काढल्या होत्या.

तेवढ्यात जामू, म्हणजे मुळ्यांचं औषधी पेय, विकणारी म्बोक साकिनेम आली. पाठीची टोपली तिने पायरीवर टेकवली, तशा बाटल्या किणकिणल्या.

"म्बोक, यांना काहीतरी द्या," बायको रुमिनी म्हणाली. "दाताच्या गोळ्या घशाला खायला निघालेत."

म्बोकने कॅप्सूल उन्हात धरून पाहिली. "दात बरा झाला ना? मग या उरल्या कशा?"

पाटीवर उत्तर आलं : दोन दिवसांत बरं वाटलं.

"म्हणजे लागत होत्या तेव्हा पुरत्या घेतल्या नाहीस, आणि लागत नाहीत तेव्हा घेतोयस. शाबास!"

म्बोक म्हणजे थोरली माय. ती सत्तरीची होती आणि गल्लीतल्या सगळ्यांना एकेरीत झापायची. तिने ग्लासात पिवळट जामू ओतला : भिजवून वाटलेले तांदूळ, ताडगूळ, आणि कंचुर. कंचुर म्हणजे आल्याच्या भावकीतलं एक मूळ, अंगाने लहान पण वासाने थोरलं. "हे सकाळ-संध्याकाळ. हा तुकडा मीठ लावून चघळ. आणि रविवारपर्यंत तोंड बंद. कुजबुजसुद्धा नाही. मध्येच ताप चढला, नाहीतर रविवारीही आवाज आला नाही, तर डॉक्टरीणबाईंकडे जायचं. माझ्या टोपलीत सगळं नसतं."

पाटी म्हणाली : रविवारी आला नाही तर वालुयो येईल.

वालुयो शेजारच्या गावचा निवेदक. त्याच्याकडे घुमणारा माइक होता. एकदा नवऱ्यामुलाचं नाव विसरून त्याने 'आणि इत्यादी' म्हटलं होतं. पण माइक असा घुमला की लोकांना ते आशीर्वादासारखं वाटलं. एकदा तो या गल्लीत शिरला की पुढची सगळी लग्नं त्याचीच.

फाटक वाजलं. पाहुण्यांचा क्रम ठरवायला खुद्द पाक हार्जितो आले होते. "काय पाक, तयारी कशी काय?"

पाक दार्सोनोंनी पाटी मांडीखाली सारली आणि मान हलवली.

"आधी कोण? तालुक्याचे साहेब की गावप्रमुख?"

पुन्हा मान. रुमिनी पदराशी चाळा करू लागली. पाक हार्जितोंच्या कपाळावर आठी चढली.

"रविवारपर्यंत बोलायचं नाही, असं ठरलंय त्याचं," म्बोक बाटलीला बूच लावत म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

आठी सावकाश उतरली. जुने लोक मोठ्या कार्याआधी मौनाचं तप करत, हे जावा बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. पाक हार्जितोंचे डोळे भरून आले. "माझ्या पोरीसाठी, पाक? तप?"

आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. पाक दार्सोनोंनी होकारार्थी मान हलवली.

शुक्रवारी पाक हार्जितोंनी स्वतः मौन धरलं. ही बातमी नवऱ्यामुलाकडे पोचली. त्यांनी तरी मागे का राहावं? शनिवारी मांडवात चाळीस बायका खुणांनी स्वयंपाक करत होत्या. मीठ दोनदा पडलं, खुर्च्या तीनदा आल्या. वालुयो सहज म्हणून वास काढायला आला. अर्धा तास त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही, तेव्हा तो माइक घेऊन घरी गेला.

रविवारी सकाळी पाक दार्सोनोंनी तोंड उघडलं. "रुमिनी," ते म्हणाले. पितळी घंटेसारखं. रुमिनी दाराला टेकून रडली. आवाज कंचुरने आला की गप्प बसण्याने, हे म्बोकलाही माहीत नाही.

मांडवात त्यांनी मान्यवरांची नावं घेतली. तालुक्याचे साहेब झाले, आणि गावप्रमुखांच्या आधी ते थांबले. "तसेच, जिच्या पावलांनी या गल्लीची सकाळ होते, त्या परमआदरणीय साकिनेम." मग त्यांनी सव्वीसच्या सव्वीस विशेषणं लावली. नवरीसाठी एक उरलं नाही. नवरी म्हणाली, चालेल.

चारशे माना वळल्या. मांडवामागे म्बोक एका आचाऱ्याला चिंच-हळदीचा जामू पाजत होती. तिला नावाने कुणी हाक मारायचं नाही, सगळ्यांची ती नुसती म्बोक. तीही टाचा उंचावून बघायला लागली. "कोण रे ही साकिनेम? नशीबवान आहे बाई."

सोमवारी गावकचेरीत पाक दार्सोनोंचा एक अर्ज आला. विषय : खुर्च्या. "यापुढील सर्व शासकीय व खाजगी समारंभांत पहिल्या रांगेत, गावप्रमुखांच्या उजव्या हाताला, म्बोक साकिनेम यांच्यासाठी एक व त्यांच्या टोपलीसाठी एक, अशा दोन गादीच्या खुर्च्या कायमस्वरूपी राखून ठेवण्यात याव्यात. जागा कमी पडल्यास गावप्रमुखांनी उभे राहावे. टोपलीची खुर्ची सावलीत असावी, ही नम्र विनंती."