एवढीशी रेघ

घोडबंदर रोडला नवा टॉवर उभा राहणार होता. त्याच्या मागचा अख्खा डोंगर भूगर्भतज्ज्ञ कादंबरीने कॉम्प्युटरवर उभा केला होता. खडकातली एकेक भेग तिने स्वतः वर चढून मोजलेली. मॉडेलमध्ये पाऊस पाडला की पाणी भेगांत शिरायचं, भेगा फाकायच्या, आणि एका लांब भेगेपाशी कडा सुटून थेट टॉवरच्या अंगावर यायचा. स्क्रीन लालभडक.

"अगं, एक रेघ तर आहे!" तिचे बॉस दामलेसर खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "काढून टाक ना. एवढ्याशा रेघेपायी क्लायंट घालवायचा का? आणि तुझ्या नोकरीचं कन्फर्मेशन अजून माझ्याच टेबलावर पडलंय, हे विसरू नकोस."

कादंबरीने ती भेग निवडली, डिलीटचं बटण दाबलं आणि पुन्हा पाऊस पाडला. या वेळी डोंगर जागचा हलला नाही. स्क्रीन हिरवीगार झाली.

"शाब्बास!" सरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. "बघ, किती सोपं होतं. कर आता रिपोर्टवर सही."

तिने पेन घेतलं नाही. ड्रॉवर उघडून खोडरबर काढला आणि सरांच्या तळहातावर ठेवला.



"इथली मी पुसली, सर. डोंगरातली तुम्ही पुसून या. मग करते सही."