गाडीतली जागा

छबुबाईला लेकाच्या वागण्याची शिसारी आली होती. वडवणीचं बिऱ्हाड पुण्याला हलवायचं ठरल्यापासून हनुमानच्या तोंडात कुत्र्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्याला सुया टोचून आणल्या, गाडीत उलटी होऊ नये म्हणून औषध आणलं, मागच्या सीटवर मऊ गादी अंथरली. सुनेची पाखरंसुद्धा पिंजऱ्यासकट निघाली होती. "ही जनावरं माझ्या गळ्यात मारून गेलास तर याद राख," असं म्हातारीनं त्याला आधीच बजावलं होतं.

सामानाचा टेंपो पुढं गेला. कुत्रा गादीवर ऐसपैस पसरला, सून पिंजरा मांडीवर घेऊन बसली. हनुमानची तिसरीत शिकणारी लेक तेजश्री मात्र आजीचा पदर धरून उंबऱ्यातच उभी राहिली.

"ही काहून बसंना गाडीत?" छबुबाईनं विचारलं.

"आई, आता वर्षाच्या मधीच तिकडं शाळेत घेत न्हाईत. जूनपस्तोर राहू दे तुझ्यापाशी," हनुमान चावी बोटावर फिरवत म्हणाला.

"आन कुत्रं?"

"त्याला आमच्याबिगर करमत न्हाई गं. लगेच जेवायचं सोडतंय."

सकाळपासून पोरीनं भाकरीला हात लावला नव्हता, ते काही त्याला दिसलं नव्हतं.

छबुबाई बाजूला थुंकली, पोरीला पोटाशी धरलं आणि म्हणाली,

"जा मग. तुझं लेकरू गाडीत बसलंय. हे माझं हाय."