कुपीवरचं अक्षर

डार्करूमच्या लाल दिव्याखाली शलाकाने ओली फिल्म चिमट्याने उचलली आणि तिचा हात तसाच राहिला. जिथे काहीच उमटायला नको होतं, तिथे ठसठशीत काळा पट्टा उमटला होता.

मरणाची वेळ आली की पेशीतली मारक प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पाडतात. रक्षक प्रथिन त्यांना अडवून धरतं. शलाका प्रयोगासाठी वाढवत होती त्या पेशींत हे रक्षक नव्हतं, तरी त्या कशानेच मरत नव्हत्या. म्हणजे कुणी नवाच रक्षक असणार, असा तिचा पाच वर्षांचा प्रबंध. आणि प्रथिन असेल तिथेच पट्टा उमटवणारी फिल्म आता सांगत होती, जुनाच रक्षक तिथे ठाण मांडून बसलाय. पेशींच्या कुपीवर ‘रक्षक नाही’ असं लिहिलेलं, म्हणून आजवर कुणी तपासलंच नव्हतं.

लिहिलं होतं तिनेच. पहिल्या वर्षी निर्जंतुक करायला कुपीवर अल्कोहोल फवारताना शाई पुसली गेली, तेव्हा आठवेल तसं.

दारावर टकटक झाली. “आली का गं फिल्म? रक्षक नसल्याचा पुरावा हवाय ना परीक्षकांना, तोंडावर मारू आणि मोकळे होऊ!” तिचे मार्गदर्शक, कर्णिक सर.

तिने कडी काढली. सर फिल्म दिव्यासमोर धरून पट्टा निरखू लागले.

“सर, चूक माझी आहे.”

सरांनी फिल्म तिच्या हातात परत ठेवली. “तू अजून फिल्म धुतलेली नाहीस,” ते हलकेच म्हणाले, “आणि मी अजून आलेलोच नाही.”

बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

कडी आतल्या बाजूला होती.