चेनचं लॉक

बाबांनी आजही शर्ट उलटा घातला होता. मी तो सुलटा करून त्यांना सायकलीजवळ बसवलं. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केलेल्या बाबांना आता माझी ओळखही राहिली नव्हती. उद्या मला घाट उतरायचा होता. रॉकेलमध्ये भिजवलेली चेन मी जुन्या टूथब्रशने घासली, पुसली, परत चढवली आणि दोन्ही टोकं जोडणारं नखाएवढं लॉक बसवलं. कडीकडीवर तेलाचा थेंब सोडत पेडल फिरवलं. चेन गुपचूप धावली. "थांबा!" बाबा कडाडले. पक्कड हिसकावून त्यांनी लॉक काढलं, सुलटं केलं, पुन्हा बसवलं. चमचाही न पेलणारी ती बोटं जराही थरथरली नाहीत. "याचं उघडं तोंड चालीच्या उलट हवं, बाई. नाहीतर उतारावर चेन सुटेल." मी पेडल पुन्हा फिरवून पाहिलं. "आमची पोरगीही अशीच धांदरट," ते हसले, "पण हात माझाच आहे तिचा."