मानाचा नारळ

"नारळ अध्यक्षांच्या हाती द्या, वहिनी," दीर पुटपुटला. नव्या छपाईयंत्राला हार घालून झाला होता आणि मुद्रक संघाचे अध्यक्ष बाह्या सावरत पुढे आले होते.

इंदूताईंनी नारळ उचलला आणि दारात अवघडून उभ्या असलेल्या तांबोळींपुढे धरला. समोरच्याच गल्लीत त्यांचा छापखाना होता.

अध्यक्ष भडकले. "स्पर्धकाच्या हातून? मग संघातून तुमचं नाव गेलंच म्हणून समजा."

"खुशाल काढा! माझा छापखाना जळाला, तेव्हा ऐन लग्नसराईत यांनी स्वतःची कामं थांबवून माझ्या पत्रिका छापून दिल्या. तुम्ही मात्र माझी गिऱ्हाइकं पळवलीत."

तांबोळी नारळ घेऊन घुटमळले.

"फोडा जोरात, तांबोळीभाऊ," इंदूताई म्हणाल्या. "पाणी अध्यक्षांच्या सदऱ्यावर उडालं, तरी चालेल."